ब्रदर दोन मिनिटांत इंजेक्शन देऊन जातात, हे चालतं का?

"ताई, मी धायरीत राहते. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, पंधरा वर्षांपासून डायबिटीस आहे. लघवीच्या इन्फेक्शनने थंडी वाजून ताप आला म्हणून तीन दिवस ॲडमिट होत्या. ताप उतरला, डिस्चार्ज मिळाला, पण सेफ्ट्रायॲक्सोनची इंजेक्शनं आणखी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ घरीच घ्या म्हणाले. हाताला सुई तशीच ठेवून पाठवलंय. जवळच्या दवाखान्यातले एक ब्रदर येतात, दोन मिनिटांत इंजेक्शन देतात आणि लगेच निघतात. काल सासूबाई सहज बोलून गेल्या की तीस वर्षांपूर्वी पेनिसिलीन घेतल्यावर अंगावर पित्त उठलं होतं. हॉस्पिटलात हे कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, या इंजेक्शनबरोबर कॅल्शियम पोटात गेलं तर माणूस दगावतो. सासूबाईंची कॅल्शियमची गोळी रोज चालू आहे! डॉक्टरांना फोन करावा म्हटलं तर हे म्हणतात, उगाच शंका काढू नकोस, त्यांना राग येईल. इंजेक्शनऐवजी गोळ्या नाही का चालणार?
एक सून, धायरी"

प्रिय ताई,

तुमचं पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला होता. पुढचा डोस संध्याकाळी सातला असताना आठवड्याने छापून येणाऱ्या उत्तराचा काय उपयोग? तेव्हा घाईघाईत जे बोलणं झालं ते तुमच्या परवानगीने इथे नीट लिहिते, कारण हाताला सुई घेऊन घरी आलेली माणसं आज पुण्यात गल्लोगल्ली आहेत. मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलेली फार्मासिस्ट आहे. औषध थांबवा किंवा बदला असं मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण सुई टोचण्याआधी काय विचारायचं आणि नंतर काय बघायचं, हे मी खात्रीने सांगू शकते.

आधी त्या पित्ताबद्दल. आपल्याकडे या एका शब्दाने फार घोटाळे होतात. "मला पित्ताचा त्रास आहे" म्हटलं की डॉक्टर ॲसिडिटी समजतात आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून मोकळे होतात. अंगावर उठतं ते पित्त वेगळं, त्या गांधी, म्हणजे कातडीवर उठणारे खाजरे फुगवटे. म्हणून सांगताना काय दिसलं ते सांगायचं: इंजेक्शननंतर किती वेळाने गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले होते का, दम लागला होता का, चक्कर येऊन पडल्या होत्या का. "रिॲक्शन आली होती" एवढंच सांगणंही पुरेसं नाही. कुणी उलटीला रिॲक्शन म्हणतं, कुणी जुलाबाला, कुणी सुईच्या भीतीने आलेल्या भोवळीला. नुसतं तेवढंच झालं असेल तर ती बहुधा ॲलर्जी नसते. गांधी, सूज, दम ही ॲलर्जी.

सासूबाईंच्या पिढीला पेनिसिलीन घरचं वाटतं. ते देशातच बनावं म्हणून १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, एचए कंपनी म्हणून अजून सगळे ओळखतात. सेफ्ट्रायॲक्सोन हे अँटिबायोटिक म्हणजे पेनिसिलीनचं चुलत भावंड. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या शंभरातल्या दहांना या भावंडाचीही असते. आता तो आकडा पुष्कळ खाली आलाय, साधारण दोन किंवा त्याहून कमी, आणि सेफ्ट्रायॲक्सोनच्या रेणूची बाजूची फांदी पेनिसिलीनपेक्षा वेगळी असल्याने त्याचा धोका आणखी कमी. शिवाय ॲलर्जी वर्षांगणिक विरत जाते. पेनिसिलीन चालत नाही असं सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ते चालतं असं निघतं. सासूबाईंनी तर हॉस्पिटलात तीन दिवस सेफ्ट्रायॲक्सोन घेतलंय, काही झालं नाही. त्यामुळे घाबरून डोस चुकवण्याचं कारण नव्हतं. पण ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालणं आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिणं गरजेचं होतं. कारण पुढच्या वेळी कुणी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा अमोक्सिसिलिनचं इंजेक्शन सुरू करेल, आणि ती दोन्ही थेट पेनिसिलीनच्या घराण्यातली. मूळ नावाच्या शेवटी 'सिलिन' दिसलं की ते त्या घरातलं समजा. कंपनीच्या नावावरून मात्र काही कळत नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ नाव वाचावं लागतं.

आता तुमचे ब्रदर. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांच्या लगेच निघून जाण्याचीच वाटली.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी, जुलैच्या एका संध्याकाळी आमच्या कॅज्युअल्टीत कॉलेजचा एक मुलगा आला होता. घसा दुखतो म्हणून एका लहान दवाखान्यात त्याने इंजेक्शन घेतलं, पैसे देऊन बाहेर पडला आणि वडापावच्या गाडीशी उभा असताना त्याचे तळहात खाजायला लागले. तो परत आत गेला. तिथे त्याला ॲव्हिल आणि एफकॉर्लिन टोचलं आणि रिक्षात घालून आमच्याकडे पाठवलं. आला तेव्हा ओठ सुजलेले, आवाज घोगरा, श्वास घेता येईना म्हणून शर्टाची वरची दोन बटणं त्याने स्वतःच ओढून तोडलेली. ॲड्रेनलिन आणायला मीच धावले होते. करंगळीएवढी काचेची ॲम्प्यूल असते. घाईत मान मोडताना माझं बोट कापलं, ती खूण अजून आहे. सिस्टरने पॅन्टवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला ते दिलं. काही मिनिटांत त्याचा आवाज मोकळा झाला. पहिलं वाक्य बोलला, "मॅडम, माझी सॅक दवाखान्यात राहिली."

त्या दवाखान्यात ॲड्रेनलिन नसेल, किंवा असून कुणाचा हात धजावला नसेल. ॲव्हिलने खाज कमी होते, एफकॉर्लिन हे स्टेरॉइड, ते उशिरा काम करतं. बंद होत चाललेला घसा आणि कोसळणारं बीपी सावरतं ते ॲड्रेनलिन, आणि ते पहिल्यांदा द्यायचं असतं. औषध स्वस्त आहे, साधं आहे. अशी जीवघेणी ॲलर्जी फार क्वचित येते. पेनिसिलीनच्या बाबतीत दर दहा हजारांत एक ते पाच जणांना, असा अंदाज आहे. पण आलीच तर बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत ते तासाभरात येते. म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास रोग्याजवळ जाणतं माणूस हवं. मी तुम्हाला म्हटलं, ब्रदरना सरळ विचारा, बॅगेत ॲड्रेनलिन आहे का, ते देण्याबद्दल डॉक्टरांनी लिहून दिलंय का, आणि अर्धा तास थांबाल का. थांबता येत नसेल तर रिक्षा करून सासूबाईंना दवाखान्यात न्या, तिथे डोस घ्या आणि तिथल्याच बाकावर अर्धा तास बसा. दिवसातून दोनदा ही ये-जा जड वाटते, कबूल आहे. तरीही मी माझ्या आईसाठी हेच केलं असतं.

या अर्ध्या तासात अंग खाजणं, गांधी, ओठ किंवा जीभ सुजल्यासारखी वाटणं, आवाज बसणं, छातीत घरघर, एकदम गळून जाणं, पोटात कळ येऊन उलटी, यातलं काही दिसलं तर औषध जात असेल ते तिथेच थांबवायचं आणि १०८ ला फोन करायचा. रोग्याला आडवं करून पाय उंचावर ठेवायचे, दम लागत असेल तर बसवायचं, पण उठवून चालवत न्यायचं नाही.

टेस्ट डोसबद्दल तुम्ही फोनवर विचारलंत. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध टोचतात, भोवती बॉलपेनने गोल काढतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघतात. तो गोल पाहून घरच्यांना हायसं वाटतं. पण फुगवटा आला नाही म्हणजे ॲलर्जी येणारच नाही, असं होत नाही, आणि क्वचित त्या थेंबानेही रिॲक्शन येऊ शकते. म्हणून टेस्ट केली तरी आधीचा इतिहास विचारायचाच आणि नंतर थांबायचंच. तो निळा गोल या दोन्हींच्या जागी येऊ शकत नाही.

इंजेक्शन भरतात तेव्हा तुम्ही शेजारी उभं राहा. त्यात अपमान कुणाचाच नाही. वायलवरचं नाव आणि तारीख वाचा. सिरिंज आणि सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघायला हवी. हा आग्रह जरासुद्धा सैल सोडू नका. वापरलेली दूषित सुई टोचली गेली तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो, हिपॅटायटिस सीचा त्याहून बराच कमी, एचआयव्हीचा हजारात तीन. वायलमध्ये पांढरी पूड असते. त्यात पाणी घालून हलवलं की सेफ्ट्रायॲक्सोन फिकट पिवळं होतं, ते तसंच असतं, खराब झालेलं नसतं. मात्र गढूळ दिसलं, कण तरंगताना दिसले तर ते द्यायचं नाही. हेच औषध कमरेत द्यायचं असेल तर दुखू नये म्हणून कधी कधी लिग्नोकेनमध्ये कालवतात. ते मिश्रण शिरेत जाता कामा नये, म्हणून कशात कालवलं ते विचारा. हाताला आधीच लावलेल्या सुईचं बाहेरचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, आधी थोडं सलाईन सोडून, मग औषध काही मिनिटं घेत सावकाश जायला हवं आणि शेवटी पुन्हा सलाईन. नळीतल्या बारीक बुडबुड्याला पुष्कळ जण घाबरतात, त्याने काही होत नाही.

शेजारच्या काकूंनी कॅल्शियमचं सांगितलं त्यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्या ठिकाणचं. सेफ्ट्रायॲक्सोन आणि कॅल्शियम सलाईनमध्ये किंवा नळीत एकत्र आले तर त्यांचा चुन्यासारखा साका धरतो. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असा साका सापडला होता, त्यात काही बाळं दगावली. २००७ साली अमेरिकेच्या औषध खात्याने त्याबद्दल इशारा दिला. तेव्हापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर हे औषध देतच नाहीत. मोठ्या माणसांत दोन्ही एकाच वेळी एका नळीतून सोडत नाहीत, मधे नळी सलाईनने धुतात. रिंगर लॅक्टेट नावाचं जे सलाईन हॉस्पिटलात सर्रास लावतात त्यातही कॅल्शियम असतं, तेव्हा घरी कुणी ते लावून त्यातच हे औषध सोडत असेल तर थांबवा. तोंडाने घ्यायच्या कॅल्शियमच्या गोळीशी या सगळ्याचा संबंध नाही. सासूबाईंची गोळी चालू राहू द्या.

गोळ्यांचा प्रश्न तुम्ही पत्रात शेवटी ठेवलात, मी असते तर तो पहिला विचारला असता. आपल्याकडे समज पक्का आहे की इंजेक्शन म्हणजे जालीम औषध आणि गोळी म्हणजे मिळमिळीत. सुई टोचली नाही तर डॉक्टरांनी काही केलंच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात इंजेक्शन हा औषध आत जाण्याचा एक रस्ता आहे. सेफ्ट्रायॲक्सोन, मेरोपेनेम, अमिकासिन ही औषधं पोटातून रक्तात पुरेशी शोषलीच जात नाहीत, म्हणून ती टोचावी लागतात. उलट लिनेझोलिड, लिव्होफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल गोळीतूनही जवळजवळ पूर्ण शोषली जातात. रोगी उलट्या करत असेल, बीपी घसरलेलं असेल, इन्फेक्शन रक्तात पसरलेलं असेल तेव्हा इंजेक्शनच हवं, तिथे हट्ट करू नये. पण ताप उतरला, जेवण जायला लागलं की दोन-तीन दिवसांनी गोळीवर येता येईल का, हा विचार चांगले डॉक्टर स्वतःहूनही करतात. ब्रिटनमध्ये हाडांच्या आणि सांध्यांच्या इन्फेक्शनच्या हजारावर रोग्यांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तोवर ज्यांना सहा-सहा आठवडे शिरेतून औषध द्यायचे, त्यांना गोळ्यांनीही तितकाच गुण आला होता. हाताला सुई नाही म्हणजे शीर सुजणं नाही, सुईच्या वाटेने जंतू आत जाणं नाही.

आणि कोणती गोळी चालेल हे सांगणारा कागद तुमच्या घरातच पडून होता. फोनवर मी विचारलं, "लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, केलं होतं का?" तुम्ही म्हणालात, रिपोर्ट डिस्चार्जनंतर आला, यांनी लॅबमधून आणून फाईलला लावला. तो डॉक्टरांनी पाहिलेलाच नव्हता! हे नेहमी होतं. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रोगी घरी गेलेला असतो आणि अंदाजाने सुरू केलेलं औषध तसंच पुढे चालतं. त्या कागदावर जंतूचं नाव असतं आणि खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. चालू असलेल्या औषधापुढेच आर असेल तर रोज दोनदा सुई टोचून घेण्यात काय अर्थ? तुम्ही त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केलात, पेनिसिलीनचं सांगितलंत आणि रिपोर्टचा फोटो पाठवलात. ते रागावले तर नाहीतच, उलट आधी का नाही पाठवला म्हणाले, आणि उरलेल्या दिवसांसाठी गोळ्या लिहून दिल्या. तुमच्या मिस्टरांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे. आधीची ॲलर्जी आणि नवा रिपोर्ट सांगणं याला शंका काढणं म्हणत नाहीत. ती माहिती डॉक्टरांना हवीच असते. शेजारच्या कुणाला मात्र हे वाचून स्वतःच्या मनाने इंजेक्शनं थांबवावीशी वाटली, तर तसं करू नका. प्रत्येकाचा जंतू वेगळा, मूत्रपिंडं वेगळी.

मूत्रपिंडांवरून आठवलं. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये कल्चर पाहून कधी अमिकासिन किंवा जेंटामायसिन द्यावं लागतं. औषधं गुणी आहेत, पण मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि कानावरही परिणाम करतात. मूत्रपिंडं बहुधा सावरतात, गेलेलं ऐकू येणं बहुतेक वेळा परत येत नाही. सासूबाईंसारख्या वयस्कर, डायबिटीस असलेल्या माणसाला हे सुरू होत असेल तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी रक्ततपासणी) तपासलंय का, डोस त्यानुसार ठरवलाय का, पुन्हा कधी तपासायचं, हे विचारा. कानात शिट्टी वाजल्यासारखं होणं, टीव्हीचा आवाज वाढवायला सांगणं, चालताना तोल जाणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या डोसची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. गुडघेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने चालू असतील तर त्याही सांगा, त्यांचाही भार मूत्रपिंडांवरच पडतो.

सासूबाईंना आकडीचं औषध चालू नाही ना? व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याला मेरोपेनेम दिलं तर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी झपाट्याने घसरते आणि झटके येऊ शकतात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, बऱ्याच अँटिबायोटिकांनी बिघडतो. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओतायची, नावं आठवत बसायची नाहीत.

सुई काढली ते बरं झालं. ती जागा दोन-तीन दिवस बघत राहा, शिरेच्या रेषेत लाली, कडकपणा किंवा पू वाटला तर दाखवा. आणि पुढच्या काही आठवड्यांत पातळ जुलाब वारंवार व्हायला लागले, विशेषतः ताप किंवा रक्त असेल, तर "अँटिबायोटिक गरम पडलं" म्हणून ताक पाजत घरी बसू नका. अँटिबायोटिकांनी आतड्यातले चांगले जंतू मरतात, मग एका वाईट जंतूचं फावतं आणि त्याचा वेगळा उपचार करावा लागतो. औषधाचा दुष्परिणाम झालाय असं वाटलं तर रोग्याच्या घरचे स्वतःही १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री क्रमांकावर कळवू शकतात.

राहिल्या त्या तीन वायल. तुम्ही म्हणालात, फ्रिजमध्ये ठेवल्यात, पुढच्या तापाला होतील. नका ठेवू. धायरीत पावसाळ्यात येणारे निम्मेअधिक ताप व्हायरल असतील, त्यांवर हे औषध काहीच करणार नाही. तो ताप डेंग्यूचा निघाला आणि प्लेटलेट उतरलेल्या असताना कुणी कमरेत इंजेक्शन दिलं, तर तिथे आत रक्त साकळू शकतं. सेफ्ट्रायॲक्सोन २०१४ पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहे, केमिस्टला चिठ्ठी पाहून त्याची नोंद करावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. असं औषध घराच्या फ्रिजमध्ये अंदाजाने वापरायला नसतं. बिल घेऊन केमिस्टकडे जा, सीलबंद असल्या तर तो परत घेईल का विचारा. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा आणि ब्रदरकडे किंवा हॉस्पिटलात परत द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. सकाळी दारावर येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई तो कचरा हातांनी वेगळा करतात.